कचरा प्रकल्पाचा आराखडा आणि परवानग्या : नाशिक परिसरासाठी पायरीपायरीने

घनकचरा प्रकल्पाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा यंत्रांपासून सुरू होते. श्रेडर (कचऱ्याचे तुकडे करणारं यंत्र) किती अश्वशक्तीचा, ट्रॉमेल (फिरती चाळणी) किती व्यासाचा, ठेकेदार कोण. जागा नंतर शोधली जाते, जमिनीची तपासणी त्याहून नंतर होते, आणि पहिल्या जोरदार पावसात प्रकल्पाच्या आवारातून काळं पाणी बाहेर पडलं की मग सगळे जागे होतात. नाशिकला ही चूक फार महाग पडते. इथला जवळजवळ प्रत्येक उतार शेवटी गोदावरीकडे किंवा एखाद्या धरणाकडे जातो. नासर्डी, वालदेवी, वाघाडी, दारणा, कोणत्याही नाल्यात सोडलेली घाण पुढे नांदूर मध्यमेश्वरला पोहोचते आणि तिथून जायकवाडीला. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न आधी विचारला आहे : इथल्या पाण्याचं काय होणार?

हे लिखाण नगरपरिषदा, नगरपंचायती आणि मोठ्या ग्रामपंचायतींचे अभियंते, आरोग्य निरीक्षक, नगरसेवक आणि प्रकल्प चालवू इच्छिणाऱ्या उद्योजकांसाठी आहे. गावाशेजारी प्रकल्प येतोय हे कळल्यावर कागद मागणाऱ्या नागरिकांनाही ते उपयोगी पडावं.

आधी नियमांची प्रत टेबलावर ठेवा

घनकचरा व्यवस्थापन नियम ८ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झाले आणि गेली दहा वर्षं देशभरातले आराखडे त्यांवरच बेतले गेले. जानेवारी २०२६ मध्ये केंद्राने त्यांच्या जागी नवे नियम अधिसूचित केले. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. नव्या नियमांत कचरा चार भागांत वेगळा करायचा आहे : ओला, सुका, सॅनिटरी (डायपर, पॅड) आणि विशेष काळजीचा (औषधं, बल्ब, रंगाचे डबे यांसारखा). नोंदणी आणि अहवालही केंद्रीय ऑनलाइन पोर्टलवर जातात. खाली दिलेले तांत्रिक आकडे प्रामुख्याने २०१६ च्या नियमांच्या अनुसूचींतले आहेत, कारण हातात असलेले जुने प्रकल्प अहवाल आणि परवानग्या त्यांच्याच भाषेत आहेत. अर्ज भरताना नव्या राजपत्राची प्रत शेजारी उघडून प्रत्येक आकडा तिच्याशी जुळवून घ्या. आराखड्यासाठी दुसरा आधार म्हणजे केंद्रीय नगरविकास मंत्रालयाची २०१६ ची घनकचरा नियमपुस्तिका. ती नियमांपेक्षा खूप सविस्तर आहे, आणि सल्लागाराने तिच्याशी फारकत घेतली असेल तर कारण लेखी मागा.

पायरी १ : कचरा खरोखर मोजा

लोकसंख्या गुणिले दरडोई वजन हा हिशेब फक्त अंदाजासाठी. लहान शहरांसाठी दरडोई रोज २०० ते ३०० ग्रॅम धरण्याची पद्धत आहे. म्हणजे साठ हजार वस्तीच्या शहरात वरच्या बाजूने १८ टन. पण प्रकल्प अहवालात हा आकडा तसाच उतरवू नका. प्रत्येक घंटागाडी आणि ट्रॅक्टर सलग आठवडाभर वजनकाट्यावर घ्या. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. भिजलेल्या कचऱ्याचं वजन आणि वागणूक दोन्ही वेगळी असते.

घटक पाहण्यासाठी ढीग पसरवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले दोन एकत्र करून पुन्हा चार भाग करायचे. शंभरेक किलो राहिलं की हाताने वेगळं करायचं : ओलं, प्लास्टिक, कागद, कापड, काच, माती-दगड. आपल्या भागात हा नमुना बाजारपेठेच्या दिवशी आणि इतर दिवशी वेगळा घ्यावा लागतो. भाजीबाजाराचा आणि द्राक्ष-कांद्याच्या हंगामातला कचरा घरच्या कचऱ्यासारखा नसतो. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या आसपासच्या गावांनी २०२७ च्या सिंहस्थाची गर्दीही स्वतंत्र धरायला हवी. तेवढ्यासाठी कायमची क्षमता वाढवू नका, पण तात्पुरती साठवण आणि जास्तीच्या पाळ्यांची सोय आराखड्यात दिसली पाहिजे.

माती-दगडाचं प्रमाण नीट पाहा. झाडलोटीची माती आणि बांधकामाचा राडारोडा ओल्या कचऱ्यात मिसळून येत असेल, तर खत चाळताना निम्मा माल माती म्हणून बाहेर पडेल. राडारोड्यासाठी वेगळे नियम आणि वेगळी जागा आहे.

पायरी २ : जागा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. चुकीच्या जागेवर पुढे कितीही पैसा ओतला तरी ती बरोबर होत नाही.

लँडफिल, म्हणजे प्रक्रियेनंतर उरलेला निरुपयोगी माल पुरण्याची जागा, कुठे चालते याची अंतरं २०१६ च्या नियमांत स्पष्ट आहेत. नदीपासून १०० मीटर. तळ्यापासून २०० मीटर. महामार्ग, वस्ती, सार्वजनिक उद्यान आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर. गेल्या शंभर वर्षांत पूर आलेल्या पट्ट्यात, पाणथळ जागेत आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात अजिबात नाही. जागा किमान २० ते २५ वर्षं पुरेल एवढी हवी.

नियमांतली तीन बंधनं नाशिकला खास नडतात.

पहिलं पुराचं. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. आपल्याला लाल रेषेबाहेर राहायचं आहे. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर शहरात पूररेषा हा शब्द सगळ्यांना ठाऊक झाला, पण तालुक्यातल्या ओढ्या-नाल्यांवर ती आखलेली असेलच असं नाही. तिथे जलसंपदा विभागाकडून लेखी अभिप्राय घ्या आणि गावातल्या वयस्कर माणसांना घेऊन जागेवर फिरा. पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते त्यांना ठाऊक असतं.

दुसरं विमानतळाचं. लँडफिलवर घारी-कावळे जमतात आणि विमानाला धडकू शकतात, म्हणून नियमात २० किलोमीटरचं अंतर आहे. १० ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात विशेष बाब म्हणून संबंधित हवाई प्राधिकरणाची किंवा हवाई दलाची ना हरकत घेऊन परवानगी मिळू शकते. नाशिकमध्ये गांधीनगरची लष्करी धावपट्टी शहराच्या पोटात आहे आणि ओझरचा विमानतळ ईशान्येला. नकाशावर दोन्हीभोवती वर्तुळं काढा. शहर, नाशिकरोड, देवळाली, भगूर, विल्होळी, दिंडोरी रस्ता, सगळंच कुठल्या ना कुठल्या वर्तुळात सापडतं. म्हणून ही पत्रं पहिल्याच महिन्यात पाठवा. याच कारणाने शहराजवळ फक्त प्रक्रिया करावी आणि उरलेला माल दूरच्या सामायिक लँडफिलला न्यावा, हे माझं ठाम मत आहे.

तिसरं पाणथळ जागेचं. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जानेवारी २०२० मध्ये हा दर्जा जाहीर झाला. अभयारण्याच्या किंवा राज्याच्या हद्दीजवळ, म्हणजे सुरगाणा-पेठकडे गुजरातच्या सीमेलगत, प्रकल्प नेला तर पर्यावरण मंजुरीची फाईल मुंबईऐवजी दिल्लीला जाऊ शकते. वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात.

जमीन शोधून उपलब्ध करून देण्यात जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी नियमांतच सांगितली आहे, तेव्हा प्रस्ताव त्यांच्याकडे रीतसर जाऊ द्या. सातबारा, गटाचा नकाशा, मोजणी, विकास आराखड्यातलं आरक्षण, वनजमिनीची नोंद, गायरान असेल तर त्यावरचे हक्क, हे सगळं आगाऊ रक्कम देण्याआधी तपासा. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण, बागलाण या बाजूंना अनुसूचित क्षेत्र आहे. तिथे ग्रामसभेला बाजूला ठेवून जमिनीचा विषय पुढे नेता येत नाही आणि नेऊही नये.

रोज ५ टनांहून जास्त क्षमतेच्या प्रकल्पाभोवती मोकळा पट्टा ठेवावा लागतो. त्याची रुंदी प्रकल्पानुसार ठरते, आणि तो नगररचना विभागाच्या आराखड्यात उतरला पाहिजे. हे काम राहिलं की दहा वर्षांनी कुंपणाला लागून घरं उभी राहतात आणि मग दुर्गंधीच्या तक्रारीवरून प्रकल्प बंद करण्याची वेळ येते. दोष घरं बांधणाऱ्यांचा नसतो, पट्टा कागदावर न आणणाऱ्यांचा असतो.

पायरी ३ : जमिनीच्या आत पाहा

लँडफिलच्या तळातल्या मातीच्या थराखाली किमान २ मीटरपर्यंत भूजल लागता कामा नये, आणि मोजमाप भूजलाच्या सर्वांत उंच पातळीवर धरायचं. आपल्याकडे ही पातळी पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सर्वांत वर असते. मे महिन्यात कोरड्या विहिरीत टेप सोडून काढलेला आकडा निरुपयोगी आहे. आसपासच्या सगळ्या विहिरींची पातळी दसऱ्याच्या सुमारास मोजून घ्या आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ताडून पाहा.

नाशिकची जमीन दख्खनच्या बेसाल्टची. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि मग कठीण पाषाण. वरवर जागा टणक दिसते, पण भेगांमधून पाणी लांबवर पळतं. त्यामुळे बोअरचे नमुने आणि जागेवरची पाझर चाचणी अहवालात असलीच पाहिजे. काळ्या मातीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ती पाणी धरते म्हणून ‘आपोआप अस्तर’ होईल असं म्हणतात. ती भिजली की फुगते आणि सुकली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात बेंटोनाइट (पाणी अडवणारी खास चिकणमाती) मिसळून, ओलावा राखून, थराथराने दाबून, प्रयोगशाळेत चाचणी करूनच वापरायची.

पायरी ४ : आराखडा

खतशेडपासून सुरुवात करू, कारण बहुतेक लहान शहरांचा प्रकल्प म्हणजे मुख्यतः खतशेड. समजा रोज १० टन ओला कचरा आहे आणि घनमीटरला साधारण अर्धा टन बसतो, म्हणजे रोज २० घनमीटर. खताची रांग तळाला ३ मीटर, माथ्यावर १ मीटर आणि उंचीला दीड मीटर धरली तर तिचा छेद ३ चौरस मीटर होतो. ३० दिवसांचा माल ६०० घनमीटर, म्हणजे २०० मीटर लांबीच्या रांगा. यंत्र फिरायला जागा धरून प्रत्येक रांगेला ६ मीटर रुंदी दिली तर १,२०० चौरस मीटर लागतात. कुजताना माल बसतो, तेवढी सवड ही सुरक्षा म्हणून राहू द्या. खत मुरवण्याची, चाळण्याची, पोती रचण्याची आणि गाडी वळवण्याची जागा याशिवाय.

रांगांखालचा तळ पाणी न झिरपणारा हवा : काँक्रीट, किंवा ५० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती. तळाला १ ते २ टक्के उतार आणि भोवती अस्तर केलेली गटारं, जी लिचेटच्या, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याच्या, टाकीत जातील. वर छप्पर घाला. नियमातली भाषा वाचून खर्च वाचवायला कुणी उघडी रांग सुचवली तर पुढचा हिशेब त्याला दाखवा. एका हेक्टर उघड्या जागेवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी होतं. ते कचऱ्याला लागलं की सगळं लिचेट. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात असा पाऊस दुर्मीळ नाही. कोणतीही परवडणारी टाकी ते धरू शकत नाही. म्हणून स्वच्छ पावसाचं पाणी कचऱ्याला लागूच न देणं हाच खरा आराखडा : शेडला पत्रा आणि पन्हाळ, वरच्या बाजूने येणारं पाणी अडवून वळवणारा चर, आणि लँडफिलमध्ये एका वेळी छोटा कप्पाच उघडा ठेवणं.

लँडफिलच्या तळाची रचना खालून वर अशी. आधी ९० सेंटिमीटर दाबलेली माती, जिची पाझरक्षमता सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जास्त नाही. त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं एचडीपीई जिओमेम्ब्रेन, म्हणजे पाणी न झिरपणारं प्लास्टिकचं अस्तर. त्याला खडी टोचू नये म्हणून जिओटेक्स्टाइल, म्हणजे जाड कृत्रिम कापड. त्यावर साधारण ३० सेंटिमीटर खडीचा निचरा थर आणि त्यात छिद्रांचे पाइप, उतारावर. मातीचं काम आणि अस्तर दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर संपेल असंच वेळापत्रक करा. पावसात घातलेलं अस्तर उकरून पुन्हा घालावं लागतं. प्रत्येक सांध्याची चाचणी होऊन तिची नोंद तारीख आणि सांधा क्रमांकासह राहिली पाहिजे. ही वही पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळही मागतं आणि न्यायालयही.

रोज टाकलेल्या मालावर १० सेंटिमीटर माती किंवा राडारोडा. पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटिमीटरचा मधला थर. भरून झाल्यावर ६० सेंटिमीटर चिकणमाती, १५ सेंटिमीटर निचरा थर, ४५ सेंटिमीटर झाडोऱ्याची माती. ही माती कुठून येणार याचा आकडा प्रकल्प अहवालात क्वचितच असतो. तो मागा.

जळण्याजोगा माल, म्हणजे आरडीएफ, वेगळ्या शेडमध्ये, दोन शेडमध्ये अंतर ठेवून. एप्रिल-मेमध्ये कचऱ्याला आग लागणं नेहमीचं आहे, त्यामुळे पाण्याची टाकी, मातीचा साठा आणि अग्निशमन बंब आत शिरेल असा रस्ता हवा. वजनकाटा, कुंपण, कामगारांसाठी स्वच्छतागृह, अंघोळीची आणि कपडे बदलायची जागा, वेचक महिलांना बसून काम करता येईल असा पट्टा. या गोष्टी अंदाजपत्रकातून सगळ्यात आधी कापल्या जातात. कापू देऊ नका. याच हातांवर प्रकल्प चालतो.

स्वच्छतागृहांचा मैला आणि हॉटेलचा ओला कचरा एकत्र करून वायू आणि वीज करण्याचा प्रकल्प नाशिक महापालिकेने जर्मन सहकार्याने विल्होळीजवळ उभारला आहे. रोज ३० टन क्षमतेचा. असा प्रकल्प मनात असेल तर तो आधी प्रत्यक्ष पाहा आणि वेगळा केलेला हॉटेलचा कचरा सातत्याने मिळवण्याची व्यवस्था तिथे कशी लावावी लागते ते विचारा. यंत्रापेक्षा तो भाग अवघड आहे.

पायरी ५ : परवानग्या, कोणती कधी

पर्यावरण मंजुरी आधी. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत सामायिक घनकचरा सुविधा ७(आय) या नोंदीखाली ‘ब’ गटात येते आणि मंजुरी राज्यस्तरीय प्राधिकरण देतं. अर्ज केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर. आधी अभ्यासाच्या अटी मिळतात, मग मान्यताप्राप्त सल्लागार पावसाळा सोडून एका ऋतूची हवा-पाणी-आवाजाची मोजणी करतो, मसुदा अहवाल होतो, जाहीर सुनावणी होते, मग अंतिम अहवाल. मंजुरीआधी जागेवर काम सुरू करायचं नाही, कुंपण घालण्यापलीकडे काहीही नाही. ‘फक्त खतशेड आहे, आपल्याला हे लागू नाही’ असं कुणी सांगितलं तर तो अभिप्राय लेखी घेऊन फाईलला लावा.

जाहीर सुनावणीकडे अडथळा म्हणून पाहणारे अधिकारी पुढे अडकतात. सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, स्थानिक संस्था आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात ठेवावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाहून कमी नसलेले अधिकारी असतात आणि चित्रीकरण होतं. मराठी सारांश यंत्राने भाषांतर केलेला नको. शेतकऱ्याला त्याच्या विहिरीबद्दल काय लिहिलंय ते एका वाचनात कळलं पाहिजे. सुनावणीआधीच गावात जाऊन बसा, नकाशा दाखवा, विहिरींची यादी त्यांच्याकडून तपासून घ्या. गावकऱ्यांचे आक्षेप बहुतेकदा सल्लागाराच्या अहवालापेक्षा अचूक असतात.

मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. इथे तीन वेगळी कामं आहेत आणि ती एकमेकांची जागा घेत नाहीत. जल अधिनियम १९७४ आणि वायू अधिनियम १९८१ खाली बांधकामाआधी स्थापनेची संमती. बांधून झाल्यावर, कचरा घेण्याआधी, चालवण्याची संमती. आणि घनकचरा नियमांखाली प्राधिकारपत्र. २०१६ च्या नियमांत हा अर्ज नमुना १ मध्ये, रोज ५ टनांहून जास्त क्षमतेसाठी. मंडळ नगररचना, विमानतळ, भूजल, रेल्वे, महामार्ग, वीज कंपनी अशा संस्थांचे अभिप्राय मागवतं, त्यांना चार आठवडे असतात, आणि ६० दिवसांत निर्णय व्हायचा असतो. तुम्ही हे अभिप्राय स्वतःच आधी मिळवून अर्जासोबत जोडलेत तर फाईल धावते. प्राधिकारपत्र पाच वर्षांचं. संपण्याच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज करा, तारीख भिंतीवर लावा.

इमारत परवानगी, अग्निशमन ना हरकत, वीजजोडणी आणि महामार्गावरून प्रवेश असेल तर त्या विभागाची परवानगी, ही कामं समांतर चालू ठेवता येतात.

पायरी ६ : चालू झाल्यावर

पहिला ट्रक येण्याआधी लँडफिलच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतल्या निरीक्षण विहिरींचं पाणी तपासून नोंद करा. नंतर कुणी विहीर खराब झाल्याचं म्हटलं तर आधीचं पाणी कसं होतं हे सांगायला हाच कागद असतो, तुमच्या बाजूने किंवा शेतकऱ्याच्या बाजूने. पुढे उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशी तिन्ही ऋतूंत तपासणी. प्रक्रिया करून नाल्यात सोडायच्या लिचेटची जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिलिग्रॅम आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० मिलिग्रॅमच्या आत हवी; पाण्यात किती घाण आहे याची ही मापं. मिथेनची पातळी किमान स्फोटक मर्यादेच्या (ज्या प्रमाणापासून हवेत स्फोट होऊ शकतो त्याच्या) २५ टक्क्यांपुढे जाता कामा नये.

२०१६ च्या नियमांनुसार प्रकल्प चालवणाऱ्याचा वार्षिक अहवाल ३० एप्रिलपर्यंत स्थानिक संस्थेकडे आणि संस्थेचा ३० जूनपर्यंत पुढे जात असे. आता केंद्रीय पोर्टलवर भरताना आकडे वजनकाट्याच्या पावत्यांशी जुळतात का ते दर महिन्यालाच पाहा. वर्षअखेरीस जुळवाजुळव करायला बसलात तर ती जुळत नाही.

लँडफिल बंद झाल्यावरही किमान १५ वर्षं त्याची देखभाल करायची असते : आच्छादनाच्या भेगा, लिचेट, वायू, विहिरी. त्यासाठी पहिल्या वर्षापासून वेगळ्या खात्यात रक्कम बाजूला काढण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या आणि तो ठेकेदाराच्या करारातही घाला. ठेका बहुधा काही वर्षांत संपतो. त्यानंतर ती जागा, तिचा तळ आणि तिच्याभोवतीच्या विहिरी नगरपरिषदेच्याच जबाबदारीत राहतात.